गेलेल्या दातांच्या जागी दात: विद्यार्थ्याला कामांची संख्या पूर्ण करायला शिकवावे की रुग्ण पाहायला?

अध्यापिका (धागाकर्ती)

नमस्कार. गेलेल्या आणि मोडलेल्या दातांच्या जागी कॅप, ब्रिज (शेजारच्या दातांना धरून बसवलेला खोटा दात), कवळी किंवा इम्प्लांट (हाडात बसवलेला धातूचा आधार) बसवण्याचे शास्त्र, म्हणजे प्रोस्थोडोंटिक्स, मी अनेक वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवत आहे. या शिक्षणाच्या रचनेबद्दलचा एक प्रश्न येथे सविस्तर मांडते. दंतवैद्य, दंततंत्रज्ञ, विद्यार्थी आणि स्वतः कवळी वापरणारे वाचक, सर्वांचेच मत हवे आहे.

अनेक अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याची पात्रता कामांच्या संख्येवर ठरते. ठरावीक पूर्ण कवळ्या, ठरावीक अंशतः कवळ्या आणि ठरावीक कॅप पूर्ण झाल्या, त्यांवर शिक्षकांच्या सह्या झाल्या, की तो परीक्षेला बसतो. यामागचा हेतू योग्य आहे, कारण सरावाशिवाय हात तयार होत नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याचा ब्रिज बाकी आहे, त्याला समोरच्या तोंडात ब्रिजच दिसू लागतो, हे मी सतत पाहते. समजा खालची पहिली दाढ बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेली आहे, तिच्या मागची दाढ पुढे कलली आहे, वरची दाढ रिकाम्या जागेत थोडी खाली उतरली आहे आणि रुग्णाला चावताना काहीही अडचण वाटत नाही. अशा तोंडाकडे पाहताना पहिला प्रश्न असा हवा की येथे काही बसवण्याची गरज आहे का. नेदरलँड्समधील कायझर यांनी 1981 साली मांडलेल्या निरीक्षणांनुसार, मागच्या दाढा नसल्या तरी पुढचे दात आणि उपदाढा चांगल्या असतील तर पुष्कळ रुग्णांचे तोंड समाधानकारक काम करते. त्याच्याही आधी, 1952 साली, डीव्हॅन यांनी जे उरले आहे ते टिकवणे हे गेलेले भरून काढण्यापेक्षा मोठे उद्दिष्ट ठरवले होते. हे तत्त्व आपण पहिल्या व्याख्यानात सांगतो आणि नंतर मूल्यमापन मात्र केवळ भरून काढलेल्या जागांचे करतो.

दुसरे उदाहरण केनेडी वर्गीकरणाचे. 1925 पासून चालत आलेले हे चार वर्ग प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. दोन्ही बाजूंना मागे दात नाहीत तो पहिला वर्ग, एकाच बाजूला नाहीत तो दुसरा, रिकाम्या जागेच्या पुढे आणि मागे दात आहेत तो तिसरा, आणि मध्यरेषा ओलांडणारी समोरची जागा तो चौथा. परंतु पहिल्या वर्गातील अंशतः कवळी तिसऱ्या वर्गातील कवळीहून इतकी वेगळी का वागते, असे विचारले की बरेच जण थांबतात. तिसऱ्या वर्गात कवळीचा भार दोन्हीकडचे दात घेतात. पहिल्या वर्गात पुढचा आधार दाताचा आणि मागचा आधार हिरडीखालच्या मऊ उतींचा असतो. या उती दातापेक्षा कित्येक पटींनी अधिक दबतात, त्यामुळे प्रत्येक घासाला कवळी शेवटच्या दाताभोवती फिरू पाहते. रेस्ट (कवळीचा दातावर टेकणारा भाग) दाताच्या पुढच्या कडेला का घ्यावा, क्लास्पचे (दाताला धरणाऱ्या आकड्याचे) टोक किती खोल खाचेत जावे, मागच्या भागाचे माप वेगळ्या पद्धतीने का घ्यावे, हे सारे या एका गोष्टीतून निघते. ज्याला ती समजली, तो न पाहिलेल्या तोंडासाठीही आराखडा करू शकतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा की, विद्यार्थ्याकडे रुग्ण कमी असावेत, पण प्रत्येक रुग्ण पहिल्या तपासणीपासून काम बसवल्यानंतरच्या वर्षभराच्या पाठपुराव्यापर्यंत त्याच्याकडेच राहावा. दाताला बर (घासण्याचे फिरते हत्यार) लावण्यापूर्वी त्याने निदान तीन पर्याय लेखी मांडावेत, त्यांपैकी एक काहीही न बसवण्याचा असावा, आणि निवडलेल्या पर्यायाचे तोंडी समर्थन करावे. गुणांचा मोठा भाग या समर्थनाला आणि पाठपुराव्याला मिळावा. आपल्याला काय वाटते?

कॅप_आणि_ब्रिज

मॅडम, आपला मुद्दा मोलाचा आहे, तरीही संख्येच्या बाजूने मला ठामपणे लिहावेसे वाटते. घासलेले इनॅमल परत येत नाही. कॅपसाठी दात तयार करताना विद्यार्थ्याला एकाच वेळी किती गोष्टी सांभाळाव्या लागतात, हे बाहेरून कळत नाही. समोरासमोरच्या भिंतींमधला उतार पुस्तकात सुमारे 6 अंश सांगितला आहे, प्रत्यक्ष तोंडात तो 10 ते 20 अंशांच्या आत ठेवता आला तरी समाधान मानावे लागते. उतार जास्त झाला तर कॅप निसटते आणि भिंती उलट्या कलल्या तर ती बसतच नाही. रूट कॅनाल झालेल्या दातावर कॅपच्या कडेला 1.5 ते 2 मिलिमीटर निरोगी दाताची पट्टी सर्व बाजूंनी मिळाली नाही, तर आतला पोस्ट (मुळात बसवलेला खुंट) कितीही चांगला असला तरी दात तुटण्याचा धोका राहतो. शिवाय उष्णता आहे. 1965 साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात, दाताच्या आतील तापमान सुमारे 5.5 अंश सेल्सिअसने वाढल्यावर 15 टक्के दातांचा गर पूर्ववत झाला नाही. पाण्याचा फवारा कोठे पडतो आहे याकडे विद्यार्थ्याचे लक्ष आपोआप जाण्यासाठी हाताला वळण लागलेलेच हवे. तोंडातील आरशात पाहत, लाळ, जीभ आणि गाल सांभाळत हे करताना विचार करायला मोकळीक तेव्हाच मिळते, जेव्हा हात स्वतःहून चालतात.

त्यामुळे संख्या कमी करायची असेल तर ती रुग्णाच्या तोंडातील कामाची करावी, सरावाची नव्हे. 1894 पासून वापरात असलेली फँटम हेडची (कृत्रिम डोक्यावर सराव करण्याची) पद्धत आजही अपरिहार्य आहे. मात्र प्लास्टिकचे दात इनॅमलपेक्षा मऊ असतात आणि त्यांवर सवय झालेला हात खऱ्या दातावर अडखळतो, म्हणून काढलेल्या आणि निर्जंतुक केलेल्या दातांवरही काम व्हायला हवे. आमच्या गटात आणखी एक गोष्ट उपयोगी ठरली. दात घासण्यापूर्वी त्याचा सिलिकॉनचा साचा घ्यायचा, तो मधोमध कापायचा आणि काम झाल्यावर दातावर ठेवून मोकळी राहिलेली जागा विद्यार्थ्यानेच मोजायची. शिक्षकाने येऊन चूक दाखवण्यापूर्वी ती त्याला स्वतः दिसते आणि पुढच्या वेळी कोठे थांबायचे ते कळते.

अध्यापिका

हे मान्य आहे. सरावाची संख्या कमी करावी असे मला म्हणायचे नव्हते, आणि स्वतःचे काम स्वतः मोजण्याचा आपला मार्ग माझ्या प्रस्तावात घ्यायला हवा.

मेणकाम

मी दंततंत्रज्ञ आहे. दंतवैद्य माप, म्हणजे दातांचा आणि हिरड्यांचा घेतलेला ठसा, पाठवतात आणि त्यावरून कॅप, ब्रिज व कवळ्या आम्ही प्रयोगशाळेत तयार करतो. या विषयात तंत्रज्ञाचे मत मागितलेत, याचा आनंद झाला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आमच्याकडे येणाऱ्या मापांकडे पाहून पाठवणाऱ्याचे शिक्षण कसे झाले असेल याचा बराच अंदाज येतो. कॅपच्या मापात दाताची कड सलग दिसत नाही, एखाद्या ठिकाणी रक्ताने किंवा लाळेने ती पुसली गेलेली असते, आणि सोबतच्या चिठ्ठीवर फक्त दाताचा क्रमांक व रंगाचा क्रमांक लिहिलेला असतो. दिसत नसलेली कड आम्हाला कल्पनेने आखावी लागते. त्यानंतर कॅप नीट बसली नाही की कारण प्रयोगशाळेत शोधले जाते. असे माप परत पाठवणे हा खरा उपाय आहे, आणि परत आलेले माप हा अपमान न मानता ते पुन्हा घेण्याची तयारी महाविद्यालयातच व्हायला हवी.

सामग्रीच्या बाबतीत काही गोष्टी पाठांतराने नव्हे, हाताने कळाव्या लागतात. अल्जिनेटचे (पाण्यात कालवायच्या पावडरीचे) माप हवेत राहिले की पाणी सोडून आकसते आणि पाण्यात बुडवून ठेवले की पाणी शोषून फुगते, म्हणून ते स्वच्छ धुऊन, निर्जंतुक करून लगेच ओतायचे असते. अॅडिशन सिलिकॉन, ही मापाचीच दुसरी सामग्री, लेटेक्सचे हातमोजे घालून मळली तर मोज्यांतील गंधकामुळे ती नीट घट्ट होत नाही आणि पृष्ठभाग चिकट राहतो. दाताचा रंग काम सुरू करण्यापूर्वी निवडायचा असतो, कारण तोंड बराच वेळ उघडे राहून दात कोरडे पडले की ते अधिक पांढरे दिसतात आणि त्या रंगाची कॅप दुसऱ्या दिवशी वेगळी भासते. अॅक्रिलिकच्या कवळीचे तापमान घाईने वाढवले तर जाड भागात बारीक छिद्रे पडतात, कारण आतला द्रव मोनोमर सुमारे 100 अंशांना उकळतो आणि रासायनिक क्रियेची स्वतःची उष्णताही त्यात भर घालते. म्हणूनच सुमारे 74 अंशांवर कित्येक तास ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ज्या विद्यार्थ्याने एकदा स्वतः कवळी मेणात लावली, फ्लास्कमध्ये (साच्याच्या डब्यात) भरली, शिजवली आणि घासून चमकवली आहे, तो उद्या सकाळपर्यंत कवळी द्या असे सहसा म्हणत नाही.

अनेक ठिकाणी प्रयोगशाळेतील हे तास कमी होत आहेत. प्रत्येक दंतवैद्याने आयुष्यभर स्वतः कवळ्या शिजवाव्यात असे मी म्हणत नाही. परंतु अंशतः कवळीचा आराखडा दंतवैद्याने करायचा असतो आणि प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा कोरा कागद म्हणून आमच्याकडे येतो. सर्व्हेअरवर (दातांवरील खाचा मोजण्याच्या उपकरणावर) मॉडेल ठेवून कोठे खाच आहे, कोबाल्ट-क्रोमच्या क्लास्पला 0.25 मिलिमीटरची खाच पुरेशी आहे का, कोणता दात हलतो आहे, हे रुग्णाला पाहिलेल्या माणसानेच ठरवले पाहिजे. दात हलतो की नाही, हे मॉडेलवरून मला कधीच कळणार नाही. आराखड्याची सही विद्यार्थ्याची असावी आणि त्याने तो तंत्रज्ञाला समोर बसून समजावून सांगावा, अशी अट मॅडमच्या प्रस्तावात घालावी, ही विनंती.

नवपदवीधर

मी नुकतीच पदवी पूर्ण केली आहे. वरील सर्व चर्चा वाचून एक शंका मनात येते आणि ती प्रामाणिकपणे विचारते. आता तोंडातले माप कॅमेऱ्याने घेता येते, कॅप यंत्रावर कोरली जाते, कवळी छापता येते आणि दात नसलेल्या रुग्णासाठी इम्प्लांट आहेत. मग पूर्ण कवळीसाठी किनार घडवणे, मेणाच्या कड्यांवर जबड्यांचा संबंध घेणे, फेसबो (वरच्या जबड्याचे सांध्याशी असलेले नाते टिपणारी चौकट) लावणे यांत आमचे इतके महिने घालवण्याऐवजी ते नव्या तंत्रांना का देऊ नयेत? आमच्या वर्गातील बहुतेकांना वाटायचे की आपण जे शिकतो आहोत ते लवकरच कोणी करणार नाही.

जबड्यांचा_संबंध

नवपदवीधर, आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर केवळ परंपरेच्या आदराने देऊ नये. मी दोन्ही पद्धतींनी काम करतो, म्हणून माझे मत लिहितो.

संगणकीय तंत्र आता नवे राहिलेले नाही. रुग्णाच्या खुर्चीशेजारीच संगणकाच्या मदतीने पुनर्बांधणी कोरण्याची पहिली यशस्वी पद्धत झुरिकमध्ये 1985 साली वापरली गेली. कॅमेऱ्याने घेतलेले माप एकदोन दातांच्या कामासाठी उत्तम असते. परंतु कॅमेरा जे दिसते तेच टिपतो. हिरडीखाली गेलेली कड दोऱ्याने मोकळी केली नाही, रक्तस्राव थांबवला नाही, तर जुने माप आणि नवे माप सारखेच निकामी ठरते. दात नसलेल्या जबड्यात अडचण आणखी वाढते. तेथे ओळखीच्या खुणा कमी असतात, उती हलत्या असतात, आणि कवळी कोठपर्यंत जावी हे ओठ, गाल आणि जीभ हालवून ठरवायचे असते. तोंड स्थिर ठेवून घेतलेल्या चित्रात ही हालचाल नसते.

पूर्ण कवळी शिकण्याचे खरे कारण मला याहूनही वेगळे वाटते. दात नसलेल्या माणसात दातांनी दिलेली सर्व मोजमापे नाहीशी झालेली असतात आणि ती दंतवैद्याला पुन्हा शोधावी लागतात. तोंड मिटल्यावर चेहऱ्याची उंची किती असावी? जबडा विश्रांतीत असताना वरच्या आणि खालच्या दातांत साधारण 2 ते 4 मिलिमीटर अंतर राहावे लागते. ते ठेवले नाही तर रुग्णाचे स्नायू थकतात, दात बोलताना आपटतात, हिरड्या दुखतात. जास्त ठेवले तर चेहरा बसका दिसतो आणि चावण्याचा जोर कमी होतो. फ आणि व यांसारखे ओठ-दातांचे उच्चार करवून वरच्या पुढच्या दातांची लांबी पाहायची, स उच्चारताना दात जवळ येऊनही आपटत नाहीत ना हे ऐकायचे. खालचा जबडा स्नायूंच्या ताणाशिवाय सांध्यात मागे कोठे स्थिरावतो, हे पुन्हा पुन्हा तपासायचे. हीच मोजमापे बत्तीस दातांची झीज झालेल्या रुग्णाला लागतात, सर्व दातांवर कॅप करायच्या रुग्णाला लागतात आणि इम्प्लांटवर पूर्ण जबडा उभारायच्या रुग्णालाही लागतात. छापलेली कवळी यंत्र सुबक देते, पण उंची आणि जबड्याची जागा आपण सांगितलेलीच घेते. चुकीची उंची यंत्र तितक्याच अचूकपणे छापते.

इम्प्लांटबद्दलही असेच. ब्रेनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, आणि हाड धातूशी थेट जुळते या शोधाने आमची शाखा बदलली, यात शंका नाही. 2002 साली मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या दंतहीन जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर टेकलेल्या कवळीला पहिली पसंती दिली, आणि त्यामागे ठोस कारण होते. टालग्रेन यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या पंचवीस वर्षांच्या निरीक्षणात, कवळी वापरणाऱ्यांच्या खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाचे हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेले आढळले. खालची कवळी हलते ही तक्रार त्यामुळे इतकी सार्वत्रिक आहे. पण लक्षात घ्या, मॅकगिलच्या शिफारशीतही कवळीच आहे. इम्प्लांट तिला धरून ठेवतात. कवळीची उंची, दातांची मांडणी आणि किनार चुकलेली असेल तर दोन इम्प्लांट त्या चुकीला जागच्या जागी घट्ट धरतील.

एका गोष्टीत मात्र मी आपल्याशी सहमत आहे. इम्प्लांटची योजना पदवीच्या काळातच शिकवायला हवी. दात कोठे यायला हवा हे आधी ठरवून त्याखाली इम्प्लांटची जागा शोधायची, शेजारच्या दातापासून निदान 1.5 मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये 3 मिलिमीटर आणि खालच्या जबड्यातील नसेच्या वर 2 मिलिमीटर अंतर राखायचे, हाड भोकताना ते तापू द्यायचे नाही, हे प्रत्येक दंतवैद्याला माहीत असावे. एरिकसन आणि अल्ब्रेक्टसन यांनी 1983 साली सशांच्या हाडावर दाखवले की 47 अंश तापमान एक मिनिट राहिले तरी हाडाची हानी होते. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया मात्र पदवीनंतर, देखरेखीखाली आणि सोप्या रुग्णापासून शिकावी. एकदोन दिवसांच्या कार्यशाळेतून मॉडेलवर स्क्रू फिरवून आलेल्या आत्मविश्वासाची मला काळजी वाटते.

वाचक_कवळीधारी

मी दंतवैद्य नाही. वरची आणि खालची पूर्ण कवळी वापरतो. विद्यार्थ्यांना काय शिकवावे, यावर माझ्याकडून एकच गोष्ट.

मला कवळी एका शिकाऊ डॉक्टरने करून दिली होती. काम सुबक होते, पण ती बसवल्यानंतर काय होईल हे मला कोणीच सांगितले नव्हते. पहिल्या आठवड्यात तोंडात लाळ फार येईल, बोलणे जड वाटेल, एकदोन जागी टोचेल आणि तेथे घासून घ्यावे लागेल, रात्री ती काढून ठेवावी, घास दोन्ही बाजूंनी थोडा थोडा चावावा, हे आधी कळले असते तर कवळी बिघडलेली आहे असे वाटून मी ती डबीत ठेवली नसती. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी दोन बैठकांत तीच कवळी थोडी घासून दिली आणि शांतपणे समजावले, तेव्हापासून ती मी रोज वापरतो. त्या शिकाऊ डॉक्टरांचा दोष मी मानत नाही. त्यांची सही झाली होती आणि माझी पुढची भेट त्यांच्या हिशेबात नव्हती.

अध्यापिका

आपण हे येथे लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपल्या परवानगीने हा अनुभव मी वर्गात वाचून दाखवू इच्छिते.

हिरडी_आणि_हाड

मी हिरड्यांची तज्ज्ञ आहे. पाठपुराव्याच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि त्यात काय तपासावे हे लिहिते, कारण नुसती भेट ठरवून उपयोग होत नाही.

नैसर्गिक दात त्याला हाडाशी जोडणाऱ्या अस्थिबंधामुळे दाबाखाली साधारण 25 ते 100 मायक्रॉन हलतो, इम्प्लांट 3 ते 5 मायक्रॉन. त्यामुळे चावताना जास्त भार आला तर दात ते जाणवून देतो आणि इम्प्लांट फारसे देत नाही. स्क्रू सैल होणे, वरचे सिरॅमिक तडकणे हे त्यातून घडते, आणि ते रुग्णाला उशिरा कळते. म्हणून इम्प्लांटवर दात बसवला त्याच दिवशी एक एक्स-रे आणि हिरडीच्या खोलीची नोंद हवी, नाहीतर वर्षभरानंतर हाड कमी झाले आहे की नाही हे कशाशी ताडून पाहणार? ब्रिजच्या बाबतीत मधल्या खोट्या दाताखाली रुग्णाला दोरा घालता येतो का, हे त्याच्याच हातून करवून पाहावे. अंशतः कवळी वापरणाऱ्यात क्लास्प असलेल्या दातांच्या मुळांशी कीड लागली आहे का, हे प्रत्येक भेटीत पाहावे, कारण कवळी कितीही उत्तम असली तरी ज्या दाताला ती धरते तो गेला की सगळा आराखडा नव्याने करावा लागतो.

कॅप_आणि_ब्रिज

व्यवहाराचा एक प्रश्न. वर्षभराचा पाठपुरावा म्हणजे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेले काम त्याच्या पदवीनंतर कोण पाहणार? रुग्ण वाऱ्यावर सुटू नये.

अध्यापिका

हाच प्रश्न मलाही सर्वांत कठीण वाटत होता. सध्या सुचलेला मार्ग असा. प्रत्येक रुग्णासाठी वरच्या आणि खालच्या वर्षातील दोन विद्यार्थ्यांची जोडी असावी. पहिल्या तपासणीला दोघेही उपस्थित असतील, काम वरच्या वर्षाचा विद्यार्थी करेल आणि खालच्या वर्षाचा त्याला साहाय्य करेल. वरचा विद्यार्थी बाहेर पडताना तीन पर्याय, निवडीचे कारण, बसवल्या दिवशीच्या नोंदी आणि कशाची काळजी वाटते, हे लिहून रुग्णासमोरच हस्तांतरण करेल. खालच्या वर्षाचा विद्यार्थी पुढच्या वर्षी तोच रुग्ण तपासून लेखी टिप्पणी देईल, आणि ती मूळ विद्यार्थ्यालाही पाठवली जाईल. प्रत्येकाला स्वतः केलेल्या कामाइतकाच दुसऱ्याच्या कामाचा वर्षानंतरचा परिणाम पाहायला मिळेल, जो संख्येच्या पद्धतीत जवळजवळ कोणालाच दिसत नाही. आराखड्यावर विद्यार्थ्याची सही आणि तंत्रज्ञासमोरचे स्पष्टीकरण, दात घासून झाल्यावर सिलिकॉनच्या साच्याने स्वतःच्या कामाचे मोजमाप, आणि कवळी देताना पहिल्या आठवड्याबद्दलचे लेखी व तोंडी मार्गदर्शन, या तिन्ही गोष्टी मी मसुद्यात घातल्या आहेत. गुणांची वाटणी अजून ठरलेली नाही. समर्थन आणि पाठपुरावा यांना मिळून निम्मे गुण असावेत, असे माझे मत आहे.

मेणकाम

पाठपुराव्याच्या दिवशी तंत्रज्ञालाही बोलवावे. मी घडवलेली क्लास्प वर्षभर वापरल्यावर कोठे वाकली, कोणत्या दाताची झीज झाली, हे मला आजवर कोणी दाखवलेले नाही. बोलावणे आले तर मी माझ्या खर्चाने येईन.

नवपदवीधर

जोडीची कल्पना पटली. आमच्या तुकडीतील जे अजून जवळपास आहेत, ते आपापल्या जुन्या रुग्णांची पहिली भेट स्वेच्छेने घ्यायला तयार होतील का, हे मी विचारून येथे कळवते. तपासणीच्या नोंदीसाठी वर दिलेल्या बाबींचा एक तक्ता कोणी तयार करून येथे ठेवू शकेल का?

हिरडी_आणि_हाड

तक्ता मी करते. इम्प्लांट, ब्रिज, अंशतः कवळी आणि पूर्ण कवळी यांचे रकाने वेगळे ठेवीन, आणि रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांतील तक्रारीसाठी सर्वांत वर जागा राखीन.